वसंतातील फ्रॉस्ट आणि परसबाग: लवकर लावलेल्या रोपांना रात्रीच्या थंडीपासून कसे वाचवावे?

परसदार (मध्य न्यू जर्सी)

पाडवा झाला की पंचांगाप्रमाणे वसंत सुरू होतो, आणि एप्रिल उजाडताच इथल्या रोपवाटिकांत टोमॅटोची रोपेही दिसू लागतात. मध्य न्यू जर्सीत मात्र शेवटचा फ्रॉस्ट (रात्रीच्या थंडीने पानांवर, गवतावर जमणारा बर्फाचा पातळ थर) सरासरीने एप्रिलच्या उत्तरार्धात पडतो, आणि राज्याच्या वायव्येकडील डोंगराळ भागात तो मेच्या मध्यापर्यंत लांबतो. शिवाय या तारखा सरासरीच्या असल्यामुळे साधारण निम्म्या वर्षांत त्यांच्यानंतरही फ्रॉस्ट पडतो, ही गोष्ट रोपे विकणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर लिहिलेली नसते. आमच्या भागात बहुतेक जण मदर्स डेच्या (मेच्या दुसऱ्या रविवारच्या) सुमारास टोमॅटो लावतात. पण 2020 साली त्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे 9 मे रोजी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बर्फाची भुरभुर झाली होती. 2023 साली तर 18 मेच्या पहाटे न्यूयॉर्क राज्यातील आणि व्हरमाँटमधील द्राक्षबागांना व सफरचंदांच्या बागांना फ्रॉस्टचा मोठा फटका बसला.

माझ्याकडे उंच लाकडी वाफे आहेत. वाटाणा, पालक, मेथी आणि कोथिंबीर बाहेर पेरून झाली आहे, तर टोमॅटो, वांगी आणि मिरच्यांची रोपे अजून घरात दिव्याखाली आहेत. टोमॅटो मेच्या सुरुवातीलाच बाहेर लावावेत असा विचार आहे. त्यांच्यावर रात्री नेमके काय पांघरावे, जुन्या चादरी पुरतात की प्लास्टिक लागते, आणि आज रात्री फ्रॉस्ट पडणार की नाही हे संध्याकाळीच कसे ओळखावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे. इथला हार्डिनेस झोन 7 आहे, त्याचा या निर्णयात काही उपयोग होतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

वाफा

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. हार्डिनेस झोनचा या निर्णयात उपयोग नाही. हिवाळ्यातील वार्षिक किमान तापमानांच्या सरासरीवरून ते झोन ठरवले जातात, त्यामुळे एखादे बहुवर्षायू झाड तुमच्याकडचा हिवाळा काढील का, एवढेच त्यांवरून समजते. वसंतात शेवटचा फ्रॉस्ट कधी पडेल याची माहिती त्यांत नसते, आणि एकाच झोनमधील दोन गावांच्या शेवटच्या फ्रॉस्टमध्ये कित्येक आठवड्यांचे अंतर असू शकते.

आता मुख्य मुद्दा. वसंतातील बहुतेक फ्रॉस्ट बाहेरून थंड हवा आल्यामुळे पडत नाहीत. दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता रात्री निरभ्र आकाशाकडे सोडून देते, वारा पडलेला असल्यामुळे वरची उबदार हवा खाली मिसळत नाही, आणि जमिनीलगतचा थर निवत जातो. ढग असले तर ते ही उष्णता परत खाली पाठवतात, म्हणून ढगाळ रात्री सहसा धोका नसतो. हवामानखात्याने दिलेले तापमान जमिनीपासून सुमारे पाच फूट उंचीवर मोजलेले असते, पण शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतची पाने त्याहून कित्येक अंशांनी थंड होतात. अंदाजात 36 किंवा 37 अंश फॅरनहाइट, म्हणजे 32 या गोठणबिंदूच्या वरचे तापमान, लिहिलेले असूनही सकाळी गवतावर पांढरा थर दिसतो, तो यामुळेच.

पांघरूण कसे घालावे हेही यावरूनच ठरते. माणूस पांघरुणात ऊब धरतो ती स्वतःच्या अंगाची, परंतु रोपाला अशी ऊब नसते. राखायची असते ती जमिनीची उष्णता. त्यामुळे कापड रोपाच्या शेंड्यावरून थेट जमिनीपर्यंत, चारही बाजूंनी पसरून यायला हवे आणि कडांवर विटा किंवा वाळूच्या पिशव्या ठेवायला हव्यात. पुष्कळ घरांत रोपाच्या डोक्यावर कापड टाकून ते बुंध्याशी दोरीने आवळलेले दिसते. तसे केल्याने जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि आत अडकलेली हवा रात्रभर निवत जाते, म्हणजे एवढा खटाटोप करूनही फारसे काही साधत नाही. कापड सूर्यास्तापूर्वी, जमीन अजून कोमट असताना घालावे, आणि सकाळी तापमान चढल्यावर काढावे.

चादरींबद्दल सांगायचे तर कोरडी सुती चादर दोन-तीन अंश फॅरनहाइटचा फरक पाडते आणि हलक्या फ्रॉस्टला तेवढा पुरतो. पण चादर दवाने भिजून जड झाली की कोवळी रोपे तिच्याखाली वाकतात, म्हणून खाली तारेच्या किंवा पीव्हीसी पाइपच्या कमानी हव्यात. वारंवार वापरायचे असेल तर रो कव्हर म्हणून मिळणारे न विणलेले पॉलिप्रॉपिलीनचे कापड घ्यावे. महाराष्ट्रात टरबुजावर आणि मिरचीवर जे क्रॉप कव्हर घालतात, तेही याच जातीचे. चौरस वाराला सुमारे अर्धा औंस वजनाचे पातळ कापड दोन ते चार अंशांचे संरक्षण देते आणि त्यातून सुमारे 85 टक्के प्रकाश आत येतो, त्यामुळे ते दिवसाही तसेच ठेवता येते. दीड ते दोन औंसांचे जाड कापड सहा ते आठ अंशांपर्यंत जाते, पण बराच प्रकाश अडवते, त्यामुळे ते रात्रीपुरतेच घालावे.

प्लास्टिकविषयी माझे मत प्रतिकूल आहे. नेहमीच्या पॉलिथिनमधून जमिनीची उष्णता जवळजवळ अडथळ्याविना आरपार निघून जाते. काच ती अडवते, पॉलिथिन अडवत नाही. आतल्या बाजूला दव जमून पाण्याचा थर तयार झाला तर थोडा अडसर होतो, एवढेच. त्यातच जे पान प्लास्टिकला टेकलेले असेल ते हमखास जळते, आणि सकाळी नऊ वाजता ते काढायला आपण घरी नसलो तर आतले रोप उन्हाने शिजते. प्लास्टिक वापरायचेच असेल तर कमानींवर, कापडाच्या वरून, आणि पावसाळी रात्री कापड भिजू नये एवढ्यासाठीच वापरावे.

परसदार (मध्य न्यू जर्सी)

एवढ्या तपशीलवार उत्तराबद्दल मनापासून आभार. कापड जमिनीपर्यंत आणायचे, हे कारणासकट समजल्यामुळे आता विसरले जाणार नाही. वाफ्यांवर वाळलेल्या पानांचे आणि पेंढ्याचे आच्छादन आहे. ते ऊब धरील म्हणून तसेच ठेवावे का?

वाफा

टोमॅटो लावण्यापूर्वी ते बाजूला सारावे. आच्छादनामुळे ऊन मातीपर्यंत पोहोचत नाही, माती दिवसा कमी तापते, आणि रात्री उरलीसुरली ऊबही वर न येता पेंढ्याखालीच अडकून राहते, त्यामुळे आच्छादनाच्या वर असलेल्या पानांना उघड्या मातीपेक्षा अधिक फ्रॉस्ट लागतो. आच्छादन जून उजाडल्यावर, माती तापल्यावर घालावे. स्ट्रॉबेरीचे वेगळे आहे, कारण तिथे थंडीच्या रात्री पेंढा रोपाच्या वरूनच पसरतात आणि फुले त्याच्या खाली राहतात.

ओल्या मातीत कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठते आणि ती पृष्ठभागापर्यंत लवकर पोहोचते. म्हणून थंड रात्र येणार असे दिसले की आदल्या दिवशी सकाळी वाफ्यांना भरपूर पाणी द्यावे, मात्र पाने ओली करू नयेत. न्यू जर्सीच्या दक्षिणेकडील पाइन बॅरन्समध्ये वाळूची जमीन आहे. ती लवकर कोरडी होते आणि उष्णता धरून ठेवत नाही, त्यामुळे तिथल्या वसंतातल्या रात्री आसपासच्या भागाहून पुष्कळ थंड असतात.

निफाडकर

मी नाशिक जिल्ह्यातला, द्राक्षाच्या घरातला. आमच्याकडचा प्रश्न वसंतातला नसून डिसेंबर-जानेवारीतला आहे. त्या वेळी मण्यांत पाणी उतरत असते आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा तीन-चार अंश सेल्सिअसपर्यंत खाली आल्याच्या बातम्या येतात. दव क्वचितच गोठते, परंतु तेवढ्या थंडीनेही मण्यांना तडे जातात आणि पिंक बेरीची (हिरवे मणी गुलाबी पडण्याची) तक्रार सुरू होते. धाग्याचा विषय घरच्या बागेचा असला तरी आमच्याकडे रात्री दोन गोष्टी केल्या जातात, त्यांबद्दल लिहितो.

पहिली म्हणजे पहाटे ठिबकने पाणी सोडणे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा कितीतरी कोमट असते, त्यामुळे वर वाफा यांनी सांगितलेल्या ओल्या मातीच्या फायद्याबरोबर त्या कोमटपणाचाही थोडा लाभ मिळतो. दुसरी म्हणजे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवणे. यात धुराने थंडी अडते अशी समजूत सर्वत्र आहे, पण ती बरोबर नाही. धुराचे कण इतके सूक्ष्म असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांच्यामधून निघून जाते. उपयोग होतो तो विस्तवाच्या उष्णतेचा, आणि तोही एक मोठा जाळ करण्यापेक्षा अनेक लहान शेकोट्या केल्या तर. मोठ्या जाळाची तापलेली हवा वरच्या उबदार थराला भेदून सरळ निघून जाते, लहान शेकोटीची हवा मात्र वेलींच्या उंचीवर रेंगाळते.

घरच्या बागेत हा दुसरा उपाय कुणी करू नये, हे उघड आहे.

वाफा

अगदी खरे. न्यू जर्सीत परवानगीवाचून उघड्यावर जाळता येत नाही, आणि मार्च ते मे हाच पाइन बॅरन्समध्ये वणव्यांचा काळ असतो.

पाण्यावरून आठवले म्हणून लिहितो. पाइन बॅरन्समधील क्रॅनबेरीचे शेतकरी वसंतातल्या थंड रात्री रोपांवर तुषार सिंचन चालू ठेवतात. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकते आणि सतत पाणी पडत राहिले तर पान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. हे वाचून कुणी घरच्या नळाला स्प्रिंकलर जोडू नये. गोठताना जेवढी उष्णता मिळते त्याच्या सुमारे सातपट तेवढेच पाणी बाष्प होताना शोषून घेतले जाते. त्यामुळे मध्येच पाणी बंद पडले, पुरेसे पडले नाही किंवा वारा सुटला, तर रोप काहीही न करता ठेवले असते त्यापेक्षा जास्त थंड होते. शिवाय हे पाणी सगळा बर्फ वितळेपर्यंत चालू ठेवावे लागते, आणि बर्फाच्या वजनाने टोमॅटोसारखी रोपे मोडतात ते निराळेच.

गारठा (मिनेसोटा)

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. झाकण्याची चर्चा उत्तम चालली आहे, परंतु परसदार ताईंनी मेच्या सुरुवातीला टोमॅटो लावावेतच का, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. रोप फ्रॉस्टपासून वाचले तरी मातीचे तापमान 60 अंश फॅरनहाइटच्या खाली असेल तर टोमॅटोची मुळे वाढत नाहीत, पाने जांभळट पडतात आणि रोप आहे तिथेच बसून राहते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोमट मातीत लावलेले रोप त्याला गाठते, बहुधा मागेही टाकते. वांगी आणि मिरच्यांना याहून जास्त ऊब लागते. भेंडीची तर 65 ते 70 अंशांखाली घाईच करू नये, थंड मातीत बी कुजते. साधा मातीत खुपसायचा तापमापक घेऊन सकाळच्या वेळी तीन-चार इंच खोलवर मोजत राहावे. कॅलेंडरपेक्षा तो विश्वासार्ह असतो.

थंडी सोसणाऱ्या भाज्यांची गोष्ट वेगळी. वाटाणा 40 अंशांच्या मातीतही उगवतो. पालक, लसूण, कांदा, कोबी आणि ब्रोकोली यांना हलक्या फ्रॉस्टची फिकीर नसते, आणि कोथिंबीरही बऱ्यापैकी टिकते. मेथीवर मात्र पातळ कापड टाकलेले बरे. बटाट्याची पाने जळतात, परंतु जमिनीखालून तो पुन्हा फुटतो. म्हणजे झाकण्याचे कष्ट सगळ्या बागेसाठी घ्यायचे नसून ते टोमॅटो, मिरची, वांगी, घेवडा, काकडी, दोडका आणि तुळस यांच्यापुरतेच घ्यायचे आहेत, आणि त्यांतही तुळस 50 अंशांखालीच काळी पडू लागते.

रोपे घरात वाढवली असतील तर बाहेरच्या हवेची सवय करून देणे पांघरुणाइतकेच महत्त्वाचे आहे. आठवडा-दहा दिवस आधीपासून रोज थोडा थोडा वेळ, प्रथम सावलीत आणि मग उन्हात, रोपे बाहेर ठेवावीत आणि पाणी जरा कमी करावे. कोबीवर्गातील रोपे अशाने फ्रॉस्टलाही अधिक काटक होतात, कारण पेशींमधील शर्करा वाढते. टोमॅटोच्या बाबतीत ऊन आणि वारा सोसण्याची तयारी होते, पण गोठण्यापासून ते वाचत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

परसदार (मध्य न्यू जर्सी)

आपला मुद्दा मान्य आहे. सगळी रोपे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबवते. मात्र दोन-तीन टोमॅटो तरी लवकर लावून पाहायची हौस आहे, त्यासाठी काही उपाय असल्यास सांगावा.

गारठा (मिनेसोटा)

हौसेला मोल नाही, तेव्हा सांगतो. रोपाभोवती उभ्या नळ्यांचे, पाणी भरायचे प्लास्टिकचे कडे मिळते, ते इथे पुष्कळ जण वापरतात. दिवसा ते पाणी तापते, रात्री ऊब देते, आणि गोठू लागले तर गोठतानाही उष्णता सोडते. ते लावण्याच्या आधी आठवडाभर रिकाम्या जागेवर उभे करून ठेवले तर आतली मातीही तापते, हा त्याचा मोठा फायदा. विकतचे नको असेल तर दुधाचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्याने भरून रोपाभोवती गोल ठेवावेत आणि त्या सगळ्यावर कापड घालावे. वाफा यांनी प्लास्टिकला सरसकट नाकारले आहे, तिथे एवढी सवलत त्यांनी द्यावी. पाणी भरलेले प्लास्टिक ही वेगळी वस्तू आहे.

नाताळच्या दिव्यांची माळ कापडाखाली सोडण्याचा सल्लाही पुष्कळदा दिला जातो. जुन्या, तारेच्या बल्बच्या माळेने खरोखर ऊब मिळते, पण एलईडीच्या माळेने केवळ रोषणाई होते. माळ बाहेर वापरण्याजोगी असावी आणि बल्ब कापडाला टेकू नयेत.

वाफा

पाण्याच्या कड्याला सवलत दिली. तिथे प्लास्टिक फक्त भांड्याचे काम करते.

संध्याकाळी कसे ओळखावे, हा प्रश्न राहून गेला होता. हवामानाच्या पानावर तापमानाशेजारी दवबिंदूही दिलेला असतो, तो पाहावा. संध्याकाळी तो 40 अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर रात्री फ्रॉस्टची शक्यता कमी, कारण हवा तिथवर निवली की दव पडू लागते आणि दव पडताना सुटणारी उष्णता पुढची घसरण मंदावते. दवबिंदू तिशीच्या खाली, आकाश स्वच्छ आणि सूर्यास्तानंतर वारा एकदम पडलेला, असे तिन्ही जुळले तर अंदाजात काहीही लिहिलेले असो, झाकून टाकावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामानसेवेची फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायझरी (फ्रॉस्टची सूचना) किंवा फ्रीझ वॉर्निंग (गोठवणाऱ्या थंडीचा इशारा) आली की प्रश्नच उरत नाही. फ्रीझ वॉर्निंग वाऱ्यासह असेल तर मात्र कापडाचा उपयोग निम्म्यावर येतो, कारण तेव्हा थंडी बाहेरून आलेली असते आणि वारा आतली ऊब उडवून नेतो. अशा वेळी कुंड्या सरळ गॅरेजमध्ये न्याव्यात.

आपल्या अंगणातील जागांतही फरक असतो. थंड हवा जड असल्यामुळे उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते, आणि उताराच्या खालच्या टोकाला भरीव कुंपण असेल तर त्याच्या वरच्या अंगाला तुंबते. दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसभर तापते आणि रात्री जवळच्या रोपांना ऊब देते. हौसेचे दोन-तीन टोमॅटो तिथेच लावावेत.

श्टुटगार्टची माळीण

जर्मनीत या सगळ्याला ‘आइसहायलिगे’, म्हणजे हिमसंत, असे रूढ उत्तर आहे. 11 ते 15 मे हे मामेर्टुस, पांक्राटिउस, सर्वाटिउस, बोनिफाटिउस आणि शेवटी ‘थंड सोफी’ यांचे दिवस, आणि सोफीचा दिवस उलटल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढायचे नाहीत, असे शेजारच्या आजी मला बजावतात. 1582 साली दिनदर्शिका सुधारताना दहा दिवस वगळले गेले, परंतु संतांच्या तारखा त्याच राहिल्या. म्हणजे ज्या काळात हा ठोकताळा बसला त्या हिशेबाने थंडीचा तो पट्टा आजच्या 20 ते 25 मेच्या आसपास यायला हवा. तरीही मेच्या मध्याचा नियम इथल्या बागांना बऱ्यापैकी लागू पडतो, आणि उंचावरच्या श्वेबिश आल्ब या डोंगराळ भागात त्यानंतरही थांबतात.

गारठा यांनी मातीच्या तापमानाबद्दल लिहिले आहे त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी काचेच्या झाकणाची लाकडी पेटी वापरते, तिच्यात मार्चपासून पालक आणि मुळा होतो. एकच पथ्य पाळावे लागते. बाहेर दहा अंश सेल्सिअस आणि स्वच्छ ऊन असले तरी पेटी आतून तिशीच्या पार जाते, म्हणून सकाळी झाकणाखाली लाकडी ठोकळा सरकवून फट ठेवायची आणि ऊन कलल्यावर, आत ऊब असतानाच, बंद करायचे.

कढीलिंब (ओहायो)

परवाच्या रात्री आमच्याकडे तापमान 30 अंश फॅरनहाइटपर्यंत उतरले. झाकलेले टोमॅटो ठीक आहेत, न झाकलेल्यांची वरची पाने उकडल्यासारखी काळपट आणि लोळागोळा झाली आहेत. ती कापून टाकावीत की थांबावे? बटाट्यांचीही तीच अवस्था आहे. शिवाय कढीपत्त्याची कुंडी बाहेर कधी काढावी?

वाफा

लगेच कापू नये. काळी पाने खालच्या भागाला पुढच्या एक-दोन थंड रात्री थोडा आडोसा देतात, आणि नेमके कुठवर मेले आहे हे चार-पाच दिवसांनीच स्पष्ट होते. मग हिरव्या भागाच्या लगेच वर कापावे. टोमॅटोच्या खोडावर, पानांच्या बेचक्यांत हिरवे अंकुर शिल्लक असतील तर तो फुटतो. बीजपत्रांच्याही खालपर्यंत खोड मऊ पडले असेल तर त्याच्याकडून आशा नाही, दुसरे रोप लावावे. धीर धरून तेच रोप सांभाळत बसण्यात तीन आठवडे जातात. बटाट्याला काही करू नका, फक्त थोडी माती वर ओढा. दोघांनाही नवी फूट दिसेपर्यंत नत्रखत देऊ नये, कारण त्याने येणारी लुसलुशीत पालवी पुढच्या थंडीत पहिली बळी पडते.

गारठा (मिनेसोटा)

कढीपत्ता फ्रॉस्टचा विषय संपल्यानंतरही आतच ठेवावा. रात्रीचे तापमान सलग आठवडाभर 50 अंशांच्या वर राहिले की बाहेर काढा, आमच्याकडे तो दिवस जूनमध्ये येतो. आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात, असे टप्प्याटप्प्याने न्यावे, नाहीतर घरात वाढलेली पाने थंडीऐवजी उन्हानेच करपतात. मोगऱ्यालाही हेच लागू आहे.